बोर्ड तयार आहे, डबा कुठे करून घ्यायचा?

"बोर्ड टेबलावर सहा महिने नीट चालतोय. आता धातूचा डबा हवा. एक जण एका डब्याचे जेवढे पैसे सांगतो, तेवढ्यात दुसरा दहा डबे द्यायला तयार आहे. यातला लुबाडतोय कोण?"

भिवंडीजवळच्या शेलार-नदीनाका भागातल्या वाचकांचा हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. विचारणारे बहुतेक एकाच वळणाचे लोक असतात: यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक कामं करता करता स्वतःचं काहीतरी बनवायला लागलेले. कुणी रेपिअर मागाचा जळका कंट्रोलर काढून तिथे आपला बसवतो. कुणाचा पिक काउंटर असतो, कुणाचं ताण्याचा धागा तुटला की माग थांबवणारं सर्किट, कुणाचं सायझिंगच्या टाकीचं तापमान राखणारं. गोदामांमुळे आता तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारी छोटी यंत्रं करणारेही भेटतात.

लुबाडत बहुधा कुणीच नसतं. पहिल्याने अॅल्युमिनियमचा भरीव ठोकळा कोरून द्यायचा दर सांगितलेला असतो, दुसऱ्याने पत्रा कापून, वाकवून द्यायचा. तुम्ही दोघांनाही "असा डबा पाहिजे" एवढंच म्हणालेले असता आणि हातात मोबाइलवरचा एक फोटो असतो. प्रश्न तिथेच सुटायला हवा, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कोरलेला डबाच हवा का?

सीएनसीवर डबा करणं म्हणजे बहुतेक वेळा व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर, ठोकळा पोखरणं. एक हिशोब करून बघा. बाहेरून १६० × ११० × ४५ मिमीचा डबा, भिंती आणि तळ ३ मिमीचे. ठोकळा ७९२ घन सेंमीचा. अॅल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे वजन साधारण २.१४ किलो. आतली पोकळी काढल्यावर उरतं जेमतेम ३२० ग्रॅम. विकत घेतलेल्या धातूतला ८५ टक्के भाग चिप्स होऊन मशीनखाली पडला. मिनिटाला ३० घन सेंमी धातू निघतो असं धरलं, तर नुसती पोकळी करायलाच २२ मिनिटं लागली. भोकं, आटे, झाकण, फिनिश हे सगळं अजून बाकीच आहे.

तेवढ्याच मापाचा, २ मिमी पत्र्याचा डबा झाकणासकट घडवला तरी त्यात साधारण ३२० ग्रॅमच धातू लागतो, आणि चुरा जवळजवळ शून्य. दरातला फरक इथून येतो.

तुमच्यापुढे चार वाटा आहेत:

- तयार डबा घेऊन फक्त भोकं पाडून घेणं. डाय-कास्ट अॅल्युमिनियमचे डबे मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीत मिळतात. कनेक्टर, डिस्प्ले, स्विच यांची कापं व्हीएमसीवर करून घ्यायची.
- एक्स्ट्रूजनचं नळकांडं. ६०६३ मिश्रधातूची तयार चौकोनी नळी हव्या लांबीला कापायची. बोर्ड आतल्या खाचेत सरकतो. मशीनवर फक्त पुढची-मागची झाकणं होतात.
- पत्र्याचा डबा. लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग.
- ठोकळ्यातून कोरलेला डबा.

माझं मत स्पष्ट सांगतो: पहिले पाच-दहा नग असतील तर पहिली वाट धरा. बोर्डाची जागा, कनेक्टरची बाजू, झाकणाचे स्क्रू यांत बदल होणार हे नक्की असतं, आणि तयार डब्यात ते बदल स्वस्तात शिकता येतात. पन्नास-शंभर नगांचं काम आणि घरातलं किंवा पॅनेलमधलं स्थान असेल तर पत्रा. कोरलेल्या डब्याचा खर्च तेव्हाच पटतो, जेव्हा झाकण रबराच्या दोरीने बंद करून धूळ-पाणी अडवायचं असतं, तापणारा भाग थेट भिंतीला टेकवून उष्णता बाहेर काढायची असते, एकाच डब्यात वेगळे कप्पे करून एका सर्किटचा गोंगाट दुसऱ्यापासून तोडायचा असतो, किंवा यंत्राच्या धक्क्यांत पत्रा टिकणार नसतो. "दिसायला भारी" हेही कारण असू शकतं, पण त्याचे पैसे गिऱ्हाईकाने मोजायला हवेत, तुम्ही नव्हे.

डबा राहणार कुठे?

धातू, सील, फिनिश या सगळ्यांचं उत्तर इथे आहे, आणि हाच प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात.

*मागांच्या शेडमध्ये* शत्रू एकच: सुताची उडती रुई. पंखा बसवलात तर तो ती ओढून आत घेतो आणि आठवडाभरात बोर्डावर गोधडी अंथरतो. बाहेर बारीक पंखांचा हीटसिंक केलात तर पंखांमधल्या फटी रुईने भरतात आणि हीटसिंक उबदार दुलई होतो. इथे पंखा नको, झरोके नकोत, बाहेरचा पृष्ठभाग सपाट असू दे, म्हणजे फडक्याने पुसता येईल. आयपी ५४ ही किमान अपेक्षा; ६५ मिळालं तर उत्तम. पहिला आकडा धुळीचा: ५ म्हणजे अपायकारक धूळ जात नाही, ६ म्हणजे धूळ अजिबात जात नाही. दुसरा पाण्याचा: ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याचा झोत चालेल, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. मागाला ६७ ची गरज नसते. उगीच मागू नका, प्रत्येक केबल-ग्लँडचा आणि कनेक्टरचा दर वाढतो. आणि डबा ६५ चा, ग्लँड साधं, असं केलंत तर तो ६५ राहत नाही.

पंखा नाही तर उष्णता जाईल कुठे? वरच्या मापाच्या डब्याचं एकूण पृष्ठक्षेत्र साधारण ०.०६ चौरस मीटर. आतलं सर्किट १० वॉट उष्णता टाकत असेल, तर मोकळ्या हवेत डब्याची भिंत भोवतालच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी तापेल, असा ढोबळ अंदाज धरा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश असताना भिंत ५५-६० वर, आतला बोर्ड त्याहून वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्म्यावर येतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी डब्याचं माप ठरवताना हात आखडणार नाही. चकचकीत, नुसतं पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम उष्णता फार कमी बाहेर टाकतं. अॅनोडाइझ किंवा रंग केलं की हा दोष जातो. रंग काळाच हवा असं मात्र नाही, घराच्या आत तरी नाही.

*सायझिंगमध्ये* वाफ. बंद डबा दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि गार होताना ग्लँडच्या फटीतून दमट हवा ओढतो. आत साचलेलं पाणी मग बाहेर पडत नाही. श्वास घेऊ देणारा पण पाणी अडवणारा मेम्ब्रेनचा व्हेंट बसवा, तो खालच्या बाजूला.

*डाईंगमध्ये* अॅल्युमिनियम नेऊ नका. तिथे कॉस्टिक सोडा वापरतात आणि कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातो, त्यावरच्या अॅनोडायझिंगलाही. ब्लीचिंगचं हायपोक्लोराइट असेल तर स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. अशा ठिकाणी एफआरपीचा डबा घ्या. धातूच्या डब्यांवरच्या लेखात हे लिहावं लागतंय खरं, पण तुमचा माल परत येण्यापेक्षा बरं.

धातू मागताना नाव घेऊन मागा

"अॅल्युमिनियम" म्हणालात तर दुकानात जे पडलेलं असेल ते लागेल.

- कोरायला: ६०६१-टी६ किंवा ६०८२-टी६. मशीनवर स्वच्छ कापतात, आटे धरतात, अॅनोडायझिंग चांगलं बसतं.
- वाकवायला: ५०५२. ६०६१-टी६ चा पत्रा छोट्या त्रिज्येत वाकवला की कडेला तडा जातो.
- डाय-कास्ट डब्यात सिलिकॉन जास्त असतं, त्यावर अॅनोडायझिंग डागाळ येतं. तिथे पावडर कोटिंगच करा.
- स्टेनलेस ३०४: गंजत नाही, पण उष्णता अॅल्युमिनियमच्या साधारण एक दशांशच वाहून नेतं, वजन जवळजवळ तिप्पट, आणि कापायला वेळ जास्त.

पन्नास नगांसाठी धातू स्वतः आणायचा असेल तर मुंबईत गुलालवाडी-कुंभारवाड्याच्या पट्ट्यात व्यापारी आहेत. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. भंगार वितळवून ओतलेली प्लेट स्वस्त असते. पोकळी खोदताना तिच्यात बारीक छिद्रं निघतात आणि अॅनोडायझिंगनंतर ती देवीच्या व्रणांसारखी उठून दिसतात. बॉडी आणि झाकण एकाच मिश्रधातूचं असू दे, नाहीतर दोघांचा काळा रंग दोन तऱ्हेचा येतो.

ड्रॉइंग: इथे घाई केलीत की पुढे सगळीकडे थांबावं लागतं

दुकानात दोन फाइल द्या. स्टेप फाइल मशीनच्या प्रोग्रामसाठी, आणि पीडीएफ माणसासाठी. नुसती स्टेप दिली तर कोणत्या भोकाला आटे आहेत, कुठे रंग नको, कोणतं माप काटेकोर आहे, हे ऑपरेटरला कसं कळणार? दोन्ही फाइलींवर एकच रिव्हिजन क्रमांक आणि तारीख लिहा. "नवीन फायनल २" या नावाची फाइल पाठवणाऱ्यांना जुना डबा मिळतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

मापं घेताना बोर्डाच्या डिझाइनवर विसंबू नका. भरलेला, सोल्डर केलेला बोर्ड हातात घ्या आणि व्हर्निअरने मोजा: सगळ्यात उंच कपॅसिटर, खालून निघालेले पाय, कनेक्टर कडेच्या किती बाहेर येतो, यूएसबीची पिन घुसवल्यावर तिचं प्लास्टिकचं डोकं केवढं. भोक कनेक्टरच्या मापाचं केलं आणि केबलचं डोकं भिंतीला अडलं, ही चूक नवशिके करतात आणि मुरलेलेही करतात. पुढची-मागची बाजू एकास एक प्रमाणात कागदावर छापा, कापा, बोर्डावर धरून पाहा. कुणाकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर प्लास्टिकचा एक नमुना काढून घ्या. एक दिवस जाईल, पण तीन आठवडे वाचतील.

*कोपरे.* फिरणाऱ्या हत्याराने आतला कोपरा काटकोनी निघत नाही. तो हत्याराच्या त्रिज्येएवढा गोल राहतो. ४२ मिमी खोल पोकळीत ३ मिमी त्रिज्या मागितलीत, तर ६ मिमीची एंडमिल व्यासाच्या सात पट बाहेर काढावी लागते. ती थरथरते, भिंतीवर लाटा उठतात, वेळ दुप्पट होतो. ६ मिमी त्रिज्या द्या, १२ ची एंडमिल आरामात जाते. पण मग चौकोनी बोर्डाचा टोकदार कोपरा त्या गोलाईवर अडतो. ६ मिमी त्रिज्येत चौकोनी बोर्ड बसवायचा तर चारी बाजूंनी जवळजवळ १.८ मिमी मोकळी जागा लागते. ती नसेल तर बोर्डाचे कोपरेच गोल करून घ्या. बोर्ड बनवणारा त्यासाठी जादा पैसे मागत नाही.

*आटे.* एम३ साठी २.५ मिमीचं ड्रिल, एम४ साठी ३.३. अॅल्युमिनियममध्ये आट्यांची खोली व्यासाच्या दीड ते दोन पट पुरते. एम३ ला ५-६ मिमी. बंद भोकात ड्रिल त्याहून खोल जायला हवं, टॅपच्या टोकाला जागा लागते. झाकण दर महिन्याला उघडणार असाल तर स्टीलची आट्यांची स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल, बसवून घ्या. नुसते अॅल्युमिनियमचे आटे झिजतात. मागाचा हादरा सतत असतो, म्हणून स्क्रूला नायलॉकचा नट किंवा लॉकिंगचं द्रव.

*टॉलरन्स.* सगळ्या मापांना अधिक-उणे ०.०२ लिहिणं म्हणजे सगळ्या जेवणाला केशर घालणं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "आयएसओ २७६८ मध्यम" एवढं लिहा. त्याने ३० ते १२० मिमीच्या मापाला अधिक-उणे ०.३ आणि १२० ते ४०० ला ०.५ मिळतं, आणि डब्याच्या बहुतेक मापांना ते चालतं. मग ज्या तीन-चार मापांनी खरंच फरक पडतो, बोर्डाच्या चार खुंट्यांमधलं अंतर, कनेक्टरची उंची, सीलच्या खाचेची खोली, तेवढ्यांनाच वेगळं टॉलरन्स द्या.

*सील.* २ मिमी जाडीची सिलिकॉन दोरी असेल तर खाच १.५ मिमी खोल करा, म्हणजे दोरी पाव भाग दबते. रुंदी २.६ च्या आसपास ठेवा, दबलेल्या रबराला पसरायला जागा हवी. स्क्रू दोरीच्या बाहेरच्या बाजूला. आत घेतलात तर प्रत्येक स्क्रूचं भोक ही पाण्याची वाट.

अर्थिंग आणि अँटेना

माझा पहिला कोरलेला डबा दिसायला देखणा होता. एकसारखा काळा, झाकण हवा सोडत बसायचं. अर्थिंगच्या स्क्रूला मीटर लावला तर डबा आणि स्क्रू यांच्यात काही वाहतच नव्हतं. अॅनोडायझिंगचा थर विजेला अडवतो हे मला पाठ होतं; ड्रॉइंगवर लिहायचं मात्र राहिलं होतं. दुकानाची काही चूक नव्हती. वीस डबे मी स्वतः कानसेने घासत बसलो.

म्हणून २३० व्होल्ट डब्यात येत असतील तर ड्रॉइंगवर हे स्वतंत्र नोंदवा:

- अर्थिंगच्या खुंटीभोवती किमान वॉशरएवढी जागा अॅनोडायझिंग किंवा रंगाविना. मास्किंग करायचं की नंतर मशीनने खरवडायचं, तेही लिहा. उघडी जागा गंजू नये म्हणून तिथे क्रोमेटचा थर देता येतो. तो वीज वाहू देतो.
- अर्थिंगचा स्क्रू फक्त अर्थिंगचा. त्याच स्क्रूने बोर्ड किंवा झाकण कसायचं नाही. खाली दातेरी वॉशर, वर अर्थिंगची खूण.
- झाकण वेगळं असेल तर त्यालाही वेगळी अर्थिंगची तार. झाकणाचे स्क्रू रंगावर बसलेले असतात.
- तपासताना प्लगच्या अर्थ पिनपासून डब्याच्या उघड्या धातूपर्यंतचा रोध ०.१ ओहमच्या आत यायला हवा. साध्या मल्टिमीटरवर एवढं बारीक नीट दिसत नाही. अर्थ कंटिन्यूइटी टेस्टर लागतो.

आणि दुसरी बाजू: बोर्डावर वाय-फाय, ब्लूटूथ किंवा सिम असेल तर बंद धातूच्या डब्यात ते मुकं होतं. अँटेना बाहेर काढा, नाहीतर डब्याच्या एका भिंतीला प्लास्टिकची खिडकी ठेवा. टेबलावर रेंज होती, डब्यात गेली, म्हणून मॉड्यूलवाल्याशी भांडणारे वाचक बरेच आहेत.

फिनिशने मापं बदलतात

साध्या अॅनोडायझिंगचा थर १० ते २५ मायक्रॉन. त्यातला साधारण अर्धा बाहेर वाढतो, म्हणून भोक किंचितच आवळतं. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन किंवा जास्त: १२ मिमीचं भोक ११.८५ वर येतं आणि तंतोतंत मापाचा स्विच आत जात नाही. आट्यांमध्ये पावडर गेली तर पुन्हा टॅप मारावा लागतो. त्यापेक्षा सिलिकॉनची बुचं लावूनच कोटिंग करायला सांगा. छपाई किंवा लेझरची अक्षरं शेवटी. "बर काढा, कडा ०.३ मिमी मोडा" हे वाक्य ड्रॉइंगवर हवंच, नाहीतर डबा हात कापतो, वायरही.

दर विचारायला जाताना

भिवंडीत मागाचे सुटे भाग करणारी लेथची दुकानं आहेत. खुंटी, बुश, गोल झाकण त्यांच्याकडून करून घ्या. व्हीएमसीच्या कामासाठी ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली आणि अंबरनाथची एमआयडीसी, वसईकडे वालीव-सातिवली हे पट्टे शेलारहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. फोनवर दर घेऊ नका, जा. मशीनशेजारी पडलेले इतरांचे नग पाहा: कडा मोडलेल्या आहेत का, नग एकमेकांवर आपटत ठेवलेत की कागदात, तपासणीच्या टेबलावर व्हर्निअर आहे की नुसता चहाचा ग्लास.

दराचे घटक सुटे करून मागा: धातू, सेटिंग, एका नगाचा मशीनचा वेळ, फिनिश, पॅकिंग. सेटिंगमध्ये प्रोग्राम, हत्यारं लावणं, वाईस जुळवणं येतं. समजा त्याला दोन तास लागले. एका नगावर ते १२० मिनिटं पडतात, पन्नास नगांवर प्रत्येकी अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणून १, १० आणि ५० नगांचे वेगवेगळे दर एकाच वेळी मागा. डबा किती वेळा उलटवून पकडावा लागतो त्यावर सेटिंगची संख्या ठरते. पाचही बाजूंना भोकं ठेवलीत तर प्रत्येक बाजू हे नवं सेटिंग. कनेक्टर दोनच बाजूंना आणता आले तर पाहा, दर लगेच खाली येतो.

आणखी चार प्रश्न:

- दुरुस्त नमुना लागला तर त्याचे पैसे कोण देणार? चूक ड्रॉइंगची असेल तर तुम्ही, मशीनची असेल तर ते, हे आधी बोला.
- फिक्स्चरचे, म्हणजे मशीनवर डबा पकडायच्या साच्याचे, पैसे तुम्ही देणार असाल तर फिक्स्चर कुणाचं?
- चिप्स कुणाच्या? धातू तुमचा असेल तर ५० डब्यांमागे ९० किलोच्या वर अॅल्युमिनियम चिप्समध्ये जातं. त्याची वजावट मागायला लाजू नका.
- अॅनोडायझिंग बाहेर जाणार असेल तर तिथे झालेल्या नुकसानाची जबाबदारी कोणाची? उत्तर "आमची" हवं.

पहिला नग हाती आल्यावर

एकच नग, फिनिश न केलेला, आधी मागवा. बोर्ड बसवा, सगळे कनेक्टर, सगळ्या केबल, सगळे स्क्रू. झाकण लावा, काढा, दहा वेळा. डिस्प्ले योग्य कोनातून दिसतो का पाहा. मग फिनिश केलेला एक नग मागवा आणि तेच सगळं पुन्हा करा, अर्थिंगसकट. दोन्ही पार पडले की बाकीच्यांना हिरवा कंदील, तोही लेखी. मंजूर नग दोन ठेवा, दोघांच्या सह्यांची पट्टी चिकटवून, एक त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे.

आयपीचा आकडा तुम्ही पत्रकात छापणार असाल तर तो तपासून घ्या. चुनाभट्टीला, शीवजवळ, इडेमी ही १९६९ साली सुरू झालेली केंद्र सरकारी संस्था आहे: विद्युत मापन उपकरणांचं डिझाइन, टूलरूम, कॅलिब्रेशन आणि चाचण्या हे तिचं काम. अंधेरीला सीप्झजवळ ईआरटीएल ही सरकारी प्रयोगशाळाही इलेक्ट्रॉनिक मालाच्या चाचण्या करते. नमुना नेण्याआधी कोणती चाचणी, किती नग, किती दिवस हे विचारून घ्या.

कागद, पैसे आणि हक्क

पर्चेस ऑर्डर लिहा, मग काम कितीही छोटं असो. त्यात ड्रॉइंगचा क्रमांक आणि रिव्हिजन, धातूचा ग्रेड, फिनिश, नग, तारीख, नापास मालाचं काय, हे आलं की पुढचं अर्धं भांडण संपलं.

*धातू तुम्ही दिला असेल तर* तो डिलिव्हरी चलनावर पाठवा. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं. ई-वे बिलाबाबत भिवंडीत एक गैरसमज पक्का आहे, की ५० किलोमीटरच्या आत जॉबवर्कला बिल लागत नाही. राज्यातली ती सवलत सूत, कापड, कपडे यांच्यासाठी आहे, धातूला नाही. धातूला महाराष्ट्राच्या आत १ लाख रुपयांची मर्यादा लागू होते.

मजुरी दिली नाहीत तर दुकानदार तुमचा माल अडवून ठेवू शकतो. हा त्याचा दांडगेपणा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने कारागिराला तो हक्क दिलेला आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर.

*माल आला की पंधरा दिवस मोजा.* दुकान उद्यम नोंदणी असलेलं सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर एमएसएमई विकास कायदा, २००६ लागतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाहीत, तर माल स्वीकारला असं मानलं जातं. म्हणजे डबे कोपऱ्यात ठेवून दोन महिन्यांनी "भोकं चुकलीत" म्हणणं उपयोगाचं नाही. आल्या दिवशी मोजा, फोटो काढा, हरकत असेल तर ईमेलने पाठवा. फोनवरची हरकत हरकत नसते. पैशांची मुदत: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी ४५ दिवसांच्या वर नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हाच कायदा तुमच्याही कामाचा आहे: तुमची स्वतःची उद्यम नोंदणी असेल आणि एखाद्या मोठ्या गिरणीने तुमच्या कंट्रोलरचे पैसे थकवले असतील, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुकरता परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

*ग्राहक आयोगात जाता येईल का?* डबा विकायच्या यंत्रात बसवणार असाल तर तो व्यापारी व्यवहार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सहसा तिथे पोहोचत नाही. पण स्वतःच्या हाताने चालवायच्या, पोट भरण्यासाठीच्या धंद्यात स्वतः वापरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहक ठरू शकता. तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे ठाण्याला, करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा.

*डिझाइन कुणाचं?* "माझाच डबा दुसऱ्याच्या मशीनवर दिसला" ही तक्रार येते तेव्हा सहसा उशीर झालेला असतो. ऑर्डरमध्ये लिहा की ड्रॉइंग, स्टेप फाइल आणि त्यावरून केलेला प्रोग्राम दुसऱ्या कुणासाठी वापरायचा नाही. डब्याचं रूप खरोखर वेगळं असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करता येते. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवून मिळतात. फक्त दिसणं नोंदतं, काम करण्याची युक्ती नोंदत नाही. "ड्रॉइंगवर माझा कॉपीराइट आहेच की" या भरवशावर राहू नका: नोंदणी करता येण्यासारखं डिझाइन न नोंदवता त्याच्या ५० हून अधिक वस्तू कारखान्यात काढल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि नोंदणीसाठी डिझाइन आधी जगजाहीर झालेलं चालत नाही, म्हणून अर्ज भरायचा तो प्रदर्शनात डबा मांडण्याआधी आणि मागवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकण्याआधी.